नवरा तीन दिवसांच्या रिट्रीटला जाऊन आला, आता मलाही जा म्हणतोय. वॉक टू एमाउस / कुर्सिलो कुणाला माहितीये का?

कोरा_कागद

नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं मेथडिस्ट चर्चला जातो. म्हणजे रविवारची उपासना, जेवणाआधी प्रार्थना, नाताळ-ईस्टरला जरा जास्त, एवढंच. तर चर्चमधले एक गृहस्थ नवऱ्याच्या मागे लागले आणि त्याला वॉक टू एमाउस नावाच्या रिट्रीटला घेऊन गेले. गुरुवारी संध्याकाळी स्वतः गाडीने नेऊन सोडलं, रविवारी संध्याकाळी परत. मधे फोन बंद, हातातलं घड्याळसुद्धा काढून ठेवायला सांगतात म्हणे.

त्याच्या आधी या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नवऱ्यासाठी एक पत्र लिहा, त्याला कळू देऊ नका, आणि जवळच्या अजून काही जणांकडूनही लिहून घ्या. लिहिलं बाई. एवढी वर्षं संसार करून नवऱ्याला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, पहिल्या ओळीतच अडकून बसले. रविवारी समारोपाला मला बोलावलं. बघते तर हॉल खच्चून भरलेला, निम्मे लोक अनोळखी, सगळे गातायत, आणि माझा नवरा, जो वडील गेले तेव्हाही चारचौघांत रडला नाही, तो सगळ्यांसमोर उभा राहून हुंदके देतोय. मला बरं वाटलं की भीती वाटली हे अजून ठरत नाहीये.

आता दर आठवड्याला भल्या पहाटे तीन जणांना भेटायला जातो. पाकिटात एक छोटं कार्ड ठेवतो, त्यावर प्रश्न छापलेत. बॅगेवर रंगीबेरंगी कोंबड्याचा स्टिकर आलाय. आणि मला म्हणतो बायकांचा वीकेंड लवकरच आहे, तू जाच. काय केलंत तिकडे विचारलं की "तू जा, मग कळेल". याच उत्तराने माझं डोकं फिरतं.

तर प्रश्न असे: हे नक्की काय आहे, कोण चालवतं, पंथबिंथ आहे का, पुरुष आधी का, एवढी गुप्तता कशाला, आणि पैसे काढायचा धंदा आहे का? आणि तो कोंबडा कशाला?

---

जुना_यात्रेकरू

ताई, नवऱ्याचं "मग कळेल" हे उत्तर आधी बाद करा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, मी टीममध्ये बरेचदा काम केलंय म्हणून सांगतो. लोक सांगत नाहीत कारण एकतर त्यांना वाटतं सरप्राइज फुटेल, किंवा खरं सांगायचं तर त्यांना नीट सांगता येत नाही. तुमचा नवरा दुसऱ्या गटातला दिसतोय.

काय असतं ते सांगतो. तीन दिवसांत पंधरा भाषणं. दहा सामान्य लोक देतात, म्हणजे कुणी शिक्षक, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी घरी असलेली आई, आणि पाच पाळक देतात. पाळकांची पाचही कृपेबद्दल. देव आपल्या आधीच आपल्यापर्यंत पोचलेला असतो, मग आपण हो म्हणतो, मग हळूहळू घडत जातो, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीचाच क्रम आहे तो, तुम्ही चर्चमध्ये ऐकला असेलच. बाकीच्यांची भाषणं प्रार्थना, अभ्यास, सेवा अशा विषयांवर, पण प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यातलं सांगावं लागतं, नुसतं पुस्तकी चालत नाही. आणि हे भाषण आधी टीमसमोर वाचून दाखवायचं असतं, ते कापतात, दुरुस्त करतात, फार रडारड असेल तर तीही काढायला लावतात.

तुम्ही एका टेबलावर पाचसात जणींबरोबर बसता, तीन दिवस तेच टेबल. प्रत्येक भाषण झालं की टेबलावर चर्चा, मग मिळून एखादं चित्र नाहीतर पोस्टर काढायचं. मोठी माणसं स्केचपेन घेऊन भांडतात की कबूतर असं नाही तसं असतं, बघण्यासारखं असतं ते. प्रभुभोजन रोज. गाणी भरपूर, आवाज चांगला नसला तरी चालतं.

घड्याळाचं म्हणाल तर कारण साधं आहे, लोक दर दहा मिनिटांनी बघत बसतात की अजून किती राहिलंय. निरोप पोचवायचा असेल तर घरच्यांना टीमचा नंबर दिलेला असतो. कुणी कोंडून ठेवत नाही, उठून घरी जायचं असेल तर नेऊन सोडतात.

चालवतं कोण तर नॅशव्हिलची अपर रूम, म्हणजे मेथडिस्टांचीच प्रार्थना-वाचनाची पुस्तिका काढणारी संस्था. पण येणारे सगळ्या चर्चचे असतात. नाव लूकच्या २४ व्या अध्यायातलं, क्लयपा आणि त्याचा सोबती अम्माऊसला, म्हणजेच एमाउसला, चाललेले असतात आणि येशू शेजारून चालतोय हे भाकर मोडेपर्यंत त्यांना ओळखता येत नाही, ती गोष्ट.

पैशाचं: टीममधले सगळे स्वतःचे पैसे भरून येतात, भाषण देणारेही. तुमची फी बऱ्याचदा तुम्हाला नेणारी व्यक्तीच भरते. यात कुणी श्रीमंत झालेलं मी तरी पाहिलं नाही.

---

इतिहासाचा_किडा

मी स्वतः देवळातही जात नाही आणि चर्चमध्येही, पण या विषयावर बरंच वाचलंय, म्हणून पंथ आहे का या प्रश्नाला हात घालतो.

एमाउस ही शाखा आहे, मूळ झाड कुर्सिलो, म्हणजे कॅथलिकांचं असंच तीन दिवसांचं रिट्रीट. सुरुवात स्पेनच्या मायोर्का बेटावर, यादवी युद्धानंतरच्या काळात. देश कागदावर शंभर टक्के कॅथलिक, चर्च भरलेली, पण तरुण पोरांच्या रोजच्या जगण्यात त्याचा पत्ता नाही. एदुआर्दो बोनीन नावाचा तरुण (१९१७ चा जन्म, २००८ ला वारला) सैन्यात नोकरीला होता, बराकीत राहून त्याने पाहिलं की ही पोरं घरी शिकलेला धर्म दारातच ठेवून आत येतात. तो धर्मगुरू नव्हता, शेवटपर्यंत झाला नाही, साधा प्रापंचिक माणूस. माझ्या मते या चळवळीतली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट हीच आहे, की ती एका प्रापंचिकाच्या डोक्यातून निघाली, तेही त्या काळच्या स्पेनमध्ये, जिथे बिशपला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं.

त्याच वेळी कॅथलिक युवक संघटना सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या मोठ्या यात्रेची तयारी करत होती, ती १९४८ ला झाली. यात्रेत तरुणांचं नेतृत्व करणाऱ्यांसाठी छोटे अभ्यासवर्ग घ्यायचे. बोनीनने तो साचा उचलला आणि आतला मसाला बदलला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये काला फिगेरा इथे मूठभर पोरांबरोबर पहिला प्रयोग झाला. पण अधिकृत क्रमांक एक म्हणून जो मोजतात तो जानेवारी १९४९ चा, रांदा डोंगरावरच्या सान ओनोरातो मठातला. यावरून कुर्सिलोवाल्यांत अजून वाद आहेत. ४४ म्हटलं तर संस्थापक बोनीन आणि त्याचे मित्र, ४९ म्हटलं तर श्रेय मायोर्काचे बिशप हुआन एर्वास आणि त्यांच्या धर्मगुरूंकडे जातं. तारखेचं भांडण दिसतं, पण भांडण तारखेचं नाहीच, चळवळ कुणाची, प्रापंचिकांची की धर्मगुरूंची, याचं आहे.

पुढे मजा बघा. एर्वास बिशपची १९५५ ला सियुदाद रेआलला बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या बिशपने १९५६ ला मायोर्कात कुर्सिलो बंदच करून टाकला. म्हणजे जिथे जन्म झाला तिथेच बंदी, आणि बाहेर मात्र वणव्यासारखा पसरतोय. १९५७ ला टेक्सासमधल्या वेको गावी पहिला अमेरिकन कुर्सिलो झाला, आणि तो घेतला कुणी तर ट्रेनिंगसाठी आलेल्या स्पॅनिश हवाई दलाच्या दोन पोरांनी, एका फादरना सोबत घेऊन. काही वर्षं सगळं स्पॅनिशमध्येच, इंग्रजीतला पहिला १९६१ ला, टेक्सासमध्येच सान अँजेलोला. १९६३ ला पोप पॉल सहावे यांनी संत पौलाला चळवळीचा आश्रयदाता म्हणून जाहीर केलं, १९६६ ला रोमला जागतिक मेळावा झाला त्याला ते स्वतः हजर. २००४ ला व्हॅटिकनने जागतिक संस्थेच्या नियमावलीला मान्यता दिली.

तेव्हा पंथ म्हणावा तर हा असा पंथ आहे की ज्याची स्वतःची शिकवणूक नाही, स्वतःचा गुरू नाही, चर्च सोडून आमच्यात या असं म्हणत नाही. उलट आपापल्या चर्चमध्येच परत पाठवतो.

प्रोटेस्टंटांकडे कसा आला: अमेरिकेत एपिस्कोपल आणि लुथरन लोकांनी स्वतःच्या आवृत्त्या काढल्या, लुथरनांची विया दे क्रिस्तो. त्रेस दियास नावाची सगळ्या चर्चसाठीची शाखा १९७२ पासून आहे. अपर रूमने १९७८ ला सुरू केलं तेव्हा नाव 'अपर रूम कुर्सिलो' असंच होतं, पण कॅथलिक कुर्सिलोवाले म्हणाले हे नाव आमच्या पद्धतीचं आहे, तुम्ही ते वापरू नका, म्हणून १९८१ ला वॉक टू एमाउस झालं. तुमच्या नवऱ्याच्या पाकिटातल्या कार्डाचा उगम थेट मायोर्कात आहे.

कोंबड्याचं उत्तर: 'दे कोलोरेस' नावाचं जुनं स्पॅनिश लोकगीत आहे, वसंत ऋतूतल्या रंगांचं, त्यात कोंबडा, कोंबडी आणि पिल्लू आपापल्या आवाजात ओरडतात. हे चळवळीचं गाणं झालं आणि कोंबडा चिन्ह झाला. हेच गाणं कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या आंदोलनातही गायचे, कारण त्यातले कितीतरी जण कुर्सिलो केलेले होते. धार्मिक वीकेंड करून आलेले लोक संपाच्या मोर्च्यात तेच गाणं म्हणतायत, यावर खरं तर वेगळा धागा व्हायला हवा.

---

उंबरठा

वरचं सगळं खरं असेल पण दुसरी बाजू पण लिहितो.

मी गेलो होतो. कुठल्या कम्युनिटीबरोबर ते सांगत नाही. आई जाऊन थोडेच महिने झाले होते, नेणाऱ्याला हे पूर्ण माहीत होतं. त्याला वाटलं बिचाऱ्याला बरं वाटेल. आता शनिवारपर्यंत झोप कमी झालेली, सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांच्या आयुष्यातल्या दुःखाच्या गोष्टी ऐकलेल्या, आणि मग हातात पत्रांचा गठ्ठा येतो. त्यात आईच्या मैत्रिणीचं पत्र. मी जो कोसळलो तो कोसळलोच. सगळ्यांनी मिठ्या मारल्या, पाठीवर हात फिरवले, एक जण म्हणाला पवित्र आत्मा काम करतोय. असेलही. पण मला त्या क्षणी झोपेची आणि एखाद्या शहाण्या माणसाशी एकट्याने बोलायची गरज होती.

आणि खरा राग पुढच्याचा आहे. रविवारी तू आमचा भाऊ, सोमवारपासून कुणाचा फोन नाही. नेणारा स्वतः पुढच्या वीकेंडच्या टीममध्ये बिझी. चर्चमध्ये मात्र यांचा एक कंपू, एकमेकांना "दे कोलोरेस" करणार, गळ्यात तेच क्रॉस घालणार, आणि जे गेले नाहीत त्यांच्याकडे अशा नजरेने बघणार की तुमचं अजून व्हायचंय. नुसती तीन दिवसांची नशा, तीच परत मिळावी म्हणून दर वेळी टीममध्ये जाणारे लोक मी बघितलेत.

ताई, जाऊ नका असं म्हणत नाही. पण नवऱ्याचा चेहरा बघून भुलू नका, तुमची स्वतःची तब्येत, मन, सगळं बघून ठरवा.

---

जुना_यात्रेकरू

@उंबरठा, तुमच्यासोबत जे झालं ते नियमाच्याही विरुद्ध झालं. नुकतंच घरात कुणी गेलंय, घटस्फोट चाललाय, डिप्रेशनमधून जातोय, अशा माणसाला त्या वेळी नेऊ नये हे नेणाऱ्यांना स्पष्ट सांगितलेलं असतं. वीकेंड म्हणजे उपचार नव्हे. पण नेणाऱ्याला वाटतं हाच सगळ्यावर इलाज, आणि फॉर्म तपासणारे पण ओळखीचा माणूस आहे म्हणून सोडून देतात.

कंपूचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य. आमच्याकडे एका पाळकांनी तर चर्चच्या नोटीसमध्ये तीन दिवसांबद्दल आडून आडून लिहायला बंदीच केली होती. बरं केलं.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, आणि @उंबरठा तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, नाहीतर मला नुसतीच जाहिरात वाचल्यासारखं झालं असतं.

पहाटेच्या भेटीचं कुणी सांगाल का, कारण घरात दर आठवड्याला दिसतं ते तेच आहे. आणि पुरुष आधी का हे राहिलंच.

---

शेवंती

ताई, मी कॅथलिक, कुर्सिलो केलेली, आणि त्यानंतर बहुतेक वेळा स्वयंपाकघरात काम केलेली. तिकडून सगळं वेगळंच दिसतं म्हणून लिहिते.

पुरुष आधी ही जुनी पद्धत आहे. सुरुवातीला कुर्सिलो फक्त पुरुषांचाच असायचा, बायकांचा नंतर आला. त्यांचं म्हणणं असं होतं की बायका तशाही चर्चला येतात, पुरुषच दाराबाहेर उभे राहतात, आणि बायको आधी गेली तर नवरा काही येत नाही. मला हे पटत नाही, पण निदान कारण माहीत असावं. आता बऱ्याच ठिकाणी एवढं कडक पाळत नाहीत. नवऱ्याला जे आवडलं ते बायकोने लगेच केलंच पाहिजे असा काही नियम नाही, पुढच्या वेळी जाते म्हणालात तरी जग बुडत नाही.

आता पत्रांचं. आमच्याकडे त्याला पालांका म्हणतात, तरफ. म्हणजे जड दगड हलवायला लावतात ती. मुळात ती नुसती पत्रं नाहीत, कुणीतरी तुमच्यासाठी उपास केलेला असतो, कुणी तास लावून प्रार्थना केलेली असते, आणि ते एका चिठ्ठीवर लिहून पाठवतात. बाहेरून पण येतात, दुसऱ्या देशातल्या ग्रुपकडून, तुरुंगातल्या कैद्यांकडून. स्वयंपाकघरात आम्ही भाजी चिरता चिरता एकीने नाव वाचायचं आणि बाकीच्यांनी त्या बाईसाठी प्रार्थना करायची, असं चालतं. तिला आम्ही कधी पाहिलेलं पण नसतं. मला स्वतःला हॉलमधल्या भाषणांपेक्षा हे जास्त लागलं. भाषणं मला निम्मी आठवत नाहीत.

आमच्यात रोज मिस्सा असते, पापनिवेदनाला फादर बसलेले असतात, वर्षानुवर्षं न गेलेल्या बायका रांगेत उभ्या राहतात. पहिली रात्र मात्र मौनात जाते. ज्यांना बडबडीची सवय आहे त्यांना तीच सगळ्यात अवघड जाते, मला गेली.

पहाटेची भेट हा तर खरा गाभा आहे. वीकेंडला तीन दिवस म्हणतात आणि त्यानंतरच्या सगळ्या आयुष्याला चौथा दिवस. बोनीनचं म्हणणंच हे होतं की तीन दिवस ही फक्त सुरुवात. दर आठवड्याला तेच तीनचार जण भेटतात आणि कार्डावरचे प्रश्न एकमेकांना विचारतात, भक्ती, अभ्यास आणि कृती या तीन गोष्टींवर. या आठवड्यात ख्रिस्त सगळ्यात जवळ कधी वाटला, काय वाचलं, कुणासाठी काय केलं, कुठे कमी पडलो, पुढच्या आठवड्यात काय करणार. तासाभरात उरकतात. सल्ले द्यायचे नाहीत, एकमेकांना दुरुस्त करायचं नाही, आणि तिथलं बाहेर बोलायचं नाही. शिवाय महिन्यातून एकदा वगैरे मोठा मेळावा, त्याला आम्ही उल्त्रेया म्हणतो, एमाउसवाले गॅदरिंग म्हणतात.

तुमचा नवरा पहाटे उठून जातोय म्हणजे त्याने हा भाग धरलाय. बहुतेक लोक स्टिकर लावतात आणि भेटी महिन्यादोनमहिन्यात बंद करतात. @उंबरठा यांना कुणी भेटायला बोलावलंच नाही, तिथेच सगळं बिघडलं. ज्या कम्युनिटीत वीकेंड जोरात आणि आठवड्याच्या भेटी बंद, तिथे मी तरी कुणाला पाठवणार नाही. चौकशी करायची असेल तर हीच करा.

---

निळा_सदरा

कुणी अन्य भाषा बोलणं, हात ठेवून पाडणं असलं काही असतं का? आमच्या एका नातेवाईकांचं म्हणणं हे सगळं कॅरिस्मॅटिकच आहे, नाव वेगळं.

---

इतिहासाचा_किडा

नाही, पण नातेवाईक अगदीच हवेत बोलत नाहीयेत. कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळीची सुरुवात म्हणजे फेब्रुवारी १९६७ चा पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातला वीकेंड. तिथले काही प्राध्यापक त्याआधी १९६६ ला कुर्सिलोच्याच अधिवेशनाला गेले होते आणि तिथे त्यांची स्टीव्ह क्लार्क आणि राल्फ मार्टिन यांच्याशी गाठ पडली, हे दोघं कुर्सिलोचंच काम करायचे. म्हणजे ओळखी तिथल्या, माणसं तिथली. पण पद्धत साफ वेगळी. कुर्सिलो आणि एमाउसचा वीकेंड आखीव असतो, कुठलं भाषण कितवं, त्यानंतर काय, सगळं ठरलेलं, आणि ते ठरल्याबाहेर गेलं तर टीमचा प्रमुख कपाळाला आठ्या घालतो. आजार बरे करायच्या प्रार्थनासभा, अन्य भाषा वगैरे त्यात बसत नाही.

---

शेवंती

बरोबर. आमच्या टीममध्ये कॅरिस्मॅटिक बायका आहेत, त्या त्यांची प्रार्थना त्यांच्या सभेत करतात.

---

पायवाट

एक भर. यातूनच निघालेलं कैरोस नावाचं तुरुंगातलं काम आहे, १९७६ ला फ्लोरिडातल्या रेफर्डच्या तुरुंगात पहिला वीकेंड झाला. मी परदेशात असताना एका टीमसोबत होतो. आधी महिनोन्महिने ट्रेनिंग, आणि त्यात एकच गोष्ट डोक्यात भरवतात, ऐका ऐका, प्रेम करा प्रेम करा. तू काय गुन्हा केलास हे विचारायचं नाही.

आणि बिस्किटं, घरी भाजलेल्या कुकीज, शेकड्यांनी. वीकेंडला न आलेल्या कैद्यांना सुद्धा, गार्डना सुद्धा. प्रत्येक कैद्याला एक पाकीट जास्तीचं देतात की ज्याच्याशी तुझं वैर आहे त्याला नेऊन दे. एक दांडगा माणूस ते पाकीट मांडीवर घेऊन बसून राहिला होता, कुणाला द्यायचं ते त्याला माहीत होतं हे चेहऱ्यावरूनच कळत होतं, पण उठत नव्हता. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, अर्धं दिलं, अर्धं मी खाल्लं.

पंथ, कंपू, नशा ही सगळी टीका मी पण केलीय, पण हे बघितल्यावर सरसकट मोडीत काढवत नाही.

---

कोरा_कागद

@पायवाट अर्धं खाल्लं हे फारच आवडलं, नवऱ्याला वाचून दाखवलं.

काल त्याच्याशी नीट बोलले. इथे वाचलेलं एकेक विचारत गेले, पंधरा भाषणं का, टेबलावर कोण होतं, मौन होतं का, तर तो आधी दचकला की हिला कसं माहीत, आणि मग पहिल्यांदाच मोकळेपणी बोलायला लागला. निघालं असं की भाषणं नाही, टेबलावरचा एक माणूस स्वतःच्या मुलाबद्दल बोलला होता त्याने हा हलला होता. तो माणूस आता पहाटेच्या भेटीत आहे. "तिथलं बाहेर बोलायचं नाही" म्हणून मला सांगत नव्हता, आणि मला वाटत होतं की रिट्रीटच गुप्त आहे. एवढं सांगायला काय झालं होतं!

जाईन बहुतेक, पण येत्या नाही, त्याच्या पुढच्या. आता शेवटचे दोन प्रश्न. मला मायग्रेनचा त्रास आहे, झोप मोडली की हमखास उठतो. आणि घरी लहान मुलगी आहे, नवऱ्याची शिफ्टची नोकरी, तर तीन दिवस तिचं काय?

---

जुना_यात्रेकरू

दुसऱ्याचं आधी: ते नेणाऱ्याचं काम. फक्त गाडीने सोडणं नाही, मागे घराकडे बघणं, मुलांना सांभाळणं, कुत्रा फिरवणं हे सगळं त्यात येतं. नवऱ्याला नेणाऱ्या गृहस्थांच्या पत्नीच तुम्हाला नेणार असतील तर त्यांना सरळ विचारा की मुलीला शाळेतून कोण आणणार. त्या गडबडल्या तर समजून जा.

---

शेवंती

मायग्रेनचं फॉर्मवर स्पष्ट लिहा, गोळ्यांच्या नावासकट. आरोग्याची माहिती विचारतातच. गोळ्या स्वतःजवळ ठेवा, टीमकडे देऊ नका. उजेड-आवाजाचा त्रास होत असेल तर टेबल भिंतीकडचं मागा, आणि डोकं धरलं तर सरळ उठून खोलीत जा, एखादं भाषण बुडालं म्हणून काही अडत नाही. आमच्याकडे एक आजी दुपारचं प्रत्येक भाषण झोपून काढायच्या.

---

उंबरठा

आणि नेणाऱ्या बाईंकडून एक कबूल करून घ्या, की परत आल्यावर पहिले काही आठवडे त्या तुम्हाला स्वतः भेटीला घेऊन जातील. तारखा आधीच ठरवून ठेवा, कॅलेंडरवर लिहून. "बघू नंतर" म्हणाल्या तर दुसरी कुणी शोधा.

---

कोरा_कागद

हे बेस्ट. शाळेचं आणि तारखांचं, दोन्ही उद्याच विचारते त्यांना.